फोनची वाटणी

इचलकरंजीहून भिवंडी-अहमदाबादकडे कापडाच्या गाठी पोचवणारी एक ट्रान्सपोर्ट कंपनी होती. मालक आण्णा होते तोवर ती एक होती. आण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांच्या दोघा मुलांनी, थोरल्या आप्पांनी व धाकट्या बापूंनी, आरडाओरडा न करता वाटणी केली. ट्रक मोजून घेतले, गोडाऊनच्या मधोमध भिंत घातली, कचेरीचा तळमजला आप्पांना आणि वरचा मजला बापूंना दिला. अक्कांची वाटणी मात्र कुणालाच जमेना. अक्का म्हणजे आण्णांच्या वेळेपासूनच्या टेलिफोन ऑपरेटर. दहावी पास, पन्नाशीच्या, आणि कोणता व्यापारी कोणत्या वारी कशासाठी फोन करतो हे पक्कं ठाऊक असलेल्या. शेवटी ठरलं, अक्का दुपारी दोनपर्यंत खाली बसतील, नंतर वर.

गोष्टीतली माणसं मी रचलेली आहेत. यंत्रांची नावं, सालं आणि खोड्या मात्र खऱ्या आहेत, त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

2013 च्या वळवात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि आण्णांच्या काळातल्या ईपीएबीएक्सचं, म्हणजे कचेरीतल्या टेलिफोन एक्स्चेंजचं, कार्ड जळालं. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, वास घेतला आणि सांगितलं, ह्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. नव्या ईपीएबीएक्सचं कोटेशन बघून दोघा भावांचं बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा एकमत झालं: एवढे पैसे द्यायचे नाहीत. चौकशी करता ‘ॲस्टेरिस्क’चं नाव पुढे आलं. साध्या कॉम्प्युटरला टेलिफोन एक्स्चेंज करून टाकणारं हे खुलं सॉफ्टवेअर. लायसन्सचा पैसा नाही. इथवर दोघं बरोबर होते, मग रस्ते फुटले.

आप्पांनी तयार माल घेतला. “आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसं,” ते म्हणाले, “अंगाला बसतो तर तयार सदरा घ्यावा, शिंप्याच्या दारात कशाला बसायचं?” शहरातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने त्यांना इलास्टिक्सची सीडी आणून दिली. इक्वेडोर देशातल्या एका कंपनीने ॲस्टेरिस्क, ते माउसने हाताळायची फ्रीपीबीएक्सची पानं, फॅक्स आणि ईमेल हे सगळं एका जागी बांधून दिलं होतं. सीडी घालायची, दोन-तीन पासवर्ड द्यायचे, की जेवणाच्या सुट्टीत एक्स्चेंज उभं. तसंच झालं. दुपारच्या चहाला आप्पांच्या कचेरीत फोन वाजले आणि आप्पांनी जिन्याकडे बघून मिशीला हात लावला.

वर बापूंकडे त्यांचा भाचा आला होता. नुकताच इंजिनिअर झालेला, रात्री जागणारा. त्याने तयार सीडीला साफ नकार दिला. “मामा, त्यात काय काय कोंबलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. ट्रिक्सबॉक्स नावाची अशीच एक तयार सीडी होती, सगळे डोळे झाकून घ्यायचे. 2007 च्या डिसेंबरात लोकांना कळलं की ते मशीन रोज आपलं आपण कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतं आणि तिकडून येईल ती आज्ञा चालवतं. आपल्या कचेरीतलं मशीन, हुकूम दुसऱ्याचा.” मग त्याने मार्क स्पेन्सरची गोष्ट सांगितली. 1999 साली अमेरिकेतल्या अलाबामात ह्या पोराला आपल्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज हवं होतं, परवडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहून काढलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं.

“म्हणजे आपल्यासारखाच अडलेला माणूस म्हणायचा,” बापू म्हणाले आणि त्यांनी भाच्याला परवानगी दिली. निर्णय माहितीवर कमी आणि स्पेन्सरवरच्या मायेपोटी जास्त झाला, पण धंद्यातले बरेच निर्णय असेच होतात.

आधी खालची कथा. पहिल्याच आठवड्यात आप्पांच्या चार लाइनींपैकी दोन दुपारपर्यंत अडकून बसायला लागल्या. कुणी बोलत नसायचं, पण लाइन मोकळी म्हणून दिसायची नाही, आणि बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज टोन मिळायचा. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला की तो एकच मंत्र सांगायचा, “रीस्टार्ट करा.” रोज दुपारी एक वाजता आप्पांचा शिपाई मशीन बंद करून चालू करी. काही दिवसांनी ते जेवणाच्या डब्यासारखं वेळापत्रकात बसलं.

अक्कांना ते बसेना. त्यांनी एकदा साठलेले व्हॉइसमेल लागोपाठ ऐकले. “हॅलो, गाडी सुटली का वो?” एवढं बोलून व्यापाऱ्याने फोन ठेवला होता, आणि पुढे रेकॉर्डिंग संपेपर्यंत नुसतं टूंऽ, टूंऽ, टूंऽ. दोन वाजता वर गेल्यावर त्यांनी भाच्याला खाली ओढत आणलं. “ऐक. माणूस कवाच गेलाय आणि ह्ये अजून ऐकत बसलंय.”

भाच्याने ऐकलं आणि तो हसला. साध्या लँडलाइनवर समोरच्याने फोन ठेवला हे एक्स्चेंजला कळण्याचा एक मार्ग म्हणजे तो टोन ओळखणं. आपल्याकडचा एंगेज टोन 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. अमेरिकेतला वेगळा: दोन सूर एकत्र, अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता. मशीनमध्ये देश अमेरिकाच राहिला होता. ते बिचारं तिकडचा टोन यायची वाट बघत बसायचं. भाच्याने लाइनींच्या फाइलमध्ये देश बदलला, टोन ओळखायची सोय चालू केली आणि त्यापुढे 750, 750 असे मिलिसेकंदांचे आकडे घातले. फोन करणाऱ्याचा नंबरही दिसत नव्हता, कारण तोही आपल्या लाइनींवर वेगळ्या पद्धतीने येतो. तीही ओळ बदलली. शिपायाची एक वाजताची ड्यूटी संपली.

अक्कांनी आपल्या वहीत लिहिलं: “टोन. पाऊण वाजे, पाऊण थांबे. देश इंडिया करणे.” आणि फाइलचं नाव भाच्याकडून हिज्जे विचारून उतरवून घेतलं.

तयार मालाला नावं ठेवणाऱ्यांना इथे हसू फुटेल, पण त्यांनी जरा थांबावं. ह्या ओळी बदलायची सोय सीडीत पहिल्या दिवसापासून होती. इक्वेडोरातल्या लोकांनी इचलकरंजीच्या लाइनी ऐकलेल्या नव्हत्या आणि ज्याने सीडी घातली त्याने त्या ऐकायचे कष्ट घेतले नव्हते.

वर भाच्याचं काम सावकाश चाललं होतं. त्याने ॲस्टेरिस्कचा मूळ कोड उतरवून स्वतः कंपाइल केला, नको ते भाग गाळले, फोन कुठून येऊन कुठे जायचा ते ओळीओळीने हाताने लिहिलं. तीस बोलणी एकावेळी चालतील अशी पीआरआय लाइन घेतली. आणि मग त्याने ती करामत केली, जिच्यासाठी पुढे बापूंचं नाव बाजारात झालं.

ट्रान्सपोर्टच्या कचेरीत दिवसभर एकच प्रश्न येतो: माझा माल कुठं आहे? भाच्याने ठरवलं की व्यापाऱ्याने बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, नंबर दाबावा आणि मशीनने मराठीत उत्तर द्यावं, “तुमच्या बेचाळीस गाठी भिवंडी गोडाऊनला उतरल्या.” बुकिंगच्या यादीतून माहिती काढणारा छोटा प्रोग्रॅम त्याने एका रात्रीत लिहिला. अडलं ते आकड्यांवर. इंग्रजीत वीस, तीस, चाळीस असे दशक आणि एक ते नऊ एवढे तुकडे रेकॉर्ड केले की विसापुढचा प्रत्येक दोनअंकी आकडा जोडून बोलता येतो. मराठीत चाळीस आणि दोन जोडून बेचाळीस होत नाही. आपले शंभरपर्यंतचे आकडे एकेक करून पाठ करावे लागतात, आणि मशीनपुढे एकेक करून म्हणावेही लागतात.

म्हणाले कोण, तर अक्का. गोडाऊनमध्ये गाठींच्या थप्प्यांमध्ये बसून, पंखा बंद करून, शून्यापासून शंभरापर्यंत. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी फोनवर सारखेच ऐकू येतात म्हणून ते दोन पुन्हा, तोंड उघडून. मग गावांची नावं. मग “उतरल्या”, “निघाल्या”, “वाटेत आहेत”. भाचा प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल करायचा आणि अक्का विचारायच्या, हे कुठं वाजणार? ह्याच्या आधी काय दाबायचं? चुकीचा नंबर दाबला तर? तीनदा चुकला तर? तो सांगायचा, त्या लिहायच्या. आकड्यांच्या फाइली त्यांनी पेन ड्राइव्हवर घरीही नेल्या, नातीला उजळणी शिकवायला.

मशीन सुरू झालं आणि वरचे निम्मे फोन माणसापर्यंत येईनासे झाले. व्यापारी मुद्दाम फोन करून आपल्या गाठी ऐकायचे. आप्पांकडची दोन मोठी गिऱ्हाइकं वर सरकली. आता मिशीला हात लावायची पाळी बापूंची होती.

2015 मध्ये भाच्याला पुण्यात नोकरी लागली. “काही लागलं तर फोन करा मामा,” म्हणून तो गेला. मशीनचा पासवर्ड, कोणत्या फाइलमध्ये काय आहे, काय का आहे, हे सगळं त्याच्याबरोबर पुण्याला गेलं. तयार सीडीच्या पोटात काय आहे ते कळत नाही म्हणून ज्या बापूंनी ती नाकारली, त्यांच्याकडे आता असं मशीन होतं की ज्याच्या पोटातलं घरात कुणालाच कळत नव्हतं. कोड खुला होता, पण वाचणारा दोनशेहून जास्त किलोमीटरवर होता.

नव्या टेबलासाठी एक्स्टेन्शन हवं झालं. भाच्याने फोनवरून पासवर्ड सांगितला आणि गल्लीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याने जुन्या ओळींची नक्कल करून 205 नंबर बनवला. पासवर्डही 205. शिवाय घरून फोन वापरता यावा म्हणून राउटरमधून बाहेरची वाट मोकळी ठेवली. अशी दारं ढकलत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. एका शनिवारी रात्री त्यातल्या एकाला हे दार उघडं मिळालं, आणि सोमवारी अक्कांनी हेडफोन लावेपर्यंत बापूंच्या लाइनीवरून परदेशात फोन होत राहिले होते. बिल भरावं लागलं. आप्पा जिन्यातून वर आले नाहीत, पण खालून त्यांचं हसणं ऐकू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. 2016 च्या डिसेंबरात थ्रीसीएक्स नावाच्या कंपनीने इलास्टिक्स घेतलं. त्यानंतर इलास्टिक्सची पाचवी आवृत्ती आली ती ॲस्टेरिस्कवर नव्हतीच, थ्रीसीएक्सच्या स्वतःच्या, खुल्या नसलेल्या सॉफ्टवेअरवर होती. नाव तेच, आतला माल दुसरा. जुन्या इलास्टिक्सचा कोड खुला होता म्हणून काहींनी तो घेऊन इसाबेल नावाने पुढे चालवला, म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. पण ती दाखवणार कोण? आप्पांना ज्याने सीडी दिली होती तो आता सीसीटीव्ही बसवत होता. आप्पांचं मशीन जुन्या आवृत्तीवर, दुरुस्त्या न मिळता, देवाच्या भरवशावर चालत राहिलं.

आणि 2017 च्या दिवाळीच्या तोंडावर, गाठींच्या ऐन गर्दीत, बापूंच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता. म्हणजे होता, पण त्याच डिस्कवर.

भाचा रातोरात आला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक नक्कल असायची, तो लॅपटॉप त्याने विकला होता. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत राहिला. ॲस्टेरिस्क परत टाकणं अवघड नव्हतं. “मामा, मी काय काय केलं होतं तेच मला आता आठवत नाही,” तो म्हणाला.

अक्कांनी वही काढली. त्यात कोड नव्हता, कोडमधलं अक्षर त्यांना कळत नव्हतं. त्यात होतं ते असं: सोमवारी सकाळी अहमदाबादचे फोन जास्त, ते आधी बुकिंगला द्यावेत. रात्री आठनंतर गोडाऊनचा फोन वॉचमनच्या मोबाइलवर. बिल्टी तीनदा चुकली तर माणसाकडे, माणूस नसेल तर व्हॉइसमेल. टोन, पाऊण वाजे पाऊण थांबे. मधल्या पानांवर त्यांनी दर महिन्याला आपल्यापुरती मोजणी ठेवलेली, कशासाठी किती फोन आले त्याच्या उभ्या रेघांची. आणि पर्समधून निघाला पेन ड्राइव्ह, शून्य ते शंभरसकट.

भाच्याने ती वही दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. पंधरापैकी बारा गोष्टी अशा होत्या की कुठल्याही कचेरीत लागतात: एक्स्टेन्शन, बदली, रात्रीची वेळ, व्हॉइसमेल. त्या हाताने लिहायचं त्याला 2013 मध्ये काहीच कारण नव्हतं, हौस होती इतकंच. उरलेल्या तीन गोष्टी ह्या कचेरीच्याच होत्या, कुठल्याही तयार सीडीत त्या मिळाल्या नसत्या. त्यातली मोठी बिल्टी.

त्याने ह्यावेळी तयार फ्रीपीबीएक्स घातलं. बारा कामं माउसने दुपारपर्यंत उरकली. मग बिल्टीच्या ओळी लिहायला घेतल्या आणि घाईत समोर दिसली त्या फाइलमध्ये लिहिल्या. फोन लागला, अक्कांचा आवाज आला, सगळे खूश. अक्का म्हणाल्या, “आता नवीन माणूस येईल आणि ते वरचं लाल बटण दाबेल न्हवं? तू दाब बघू.”

भाच्याने ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबलं. फोन पुन्हा लावला. बिल्टी गायब. फ्रीपीबीएक्स आपल्या फाइली प्रत्येक वेळी नव्याने लिहितं, आणि त्यात कुणी हाताने घातलेलं असेल ते पुसून टाकतं. तसा इशारा त्या फाइलीच्या डोक्यावरच लिहिलेला असतो. आपल्या ओळींसाठी वेगळी फाइल दिलेली आहे, नावात ‘कस्टम’ असलेली, तिला ते हात लावत नाही. भाच्याने ओळी तिथे हलवल्या. बटण दाबलं. बिल्टी बोलली. अक्कांनी स्वतः दोनदा बटण दाबून पाहिलं आणि मग दोन्ही फाइलींची नावं वहीत लिहिली, एकीपुढे “इथं लिहू नये”, दुसरीपुढे “इथं लिहावे”. बॅकअप रोज रात्री खालच्या मजल्यावरच्या मशीनवर जाईल अशी सोय केली.

हे सगळं आप्पा दारात उभं राहून बघत होते. “खालचंबी ह्यातच घ्या,” ते म्हणाले. “आणि गाठींचं ते बोलणं आमच्या गिऱ्हाइकांनापण ऐकू दे.” बापूंनी मान हलवली. ट्रक वेगळे राहिले, गोडाऊनमधली भिंत राहिली, फोन एक झाला.

“शेवटी तयारच घेतलंस की,” आप्पा म्हणाले.

“आणि तुमच्या गाठी कोण बोलतंय आता?” बापू म्हणाले. त्यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं, आणि बापूंनीही ते फार ताणलं नाही.

पुढचा फेरा 2024 चा. मशीन ज्या सेंटओएस 7 ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बेतलेलं होतं तिची मुदत 30 जूनला संपली. फ्रीपीबीएक्सची सतरावी आवृत्ती डेबियन ह्या दुसऱ्या सिस्टिमवर गेली होती, आणि ॲस्टेरिस्कच्या 21 व्या आवृत्तीपासून फोन जोडायचा जुना चॅन-सिप भागच काढून टाकला होता. जुन्या पद्धतीने जोडलेले सगळे टेबलफोन नव्या पद्धतीवर, पीजेसिपवर, न्यायला लागले. एक शनिवार-रविवार गेला. भाचा आला नाही, त्याला बोलावलंही नाही. कचेरीतल्या दोन पोरांनी वही उघडी ठेवून ते केलं. कस्टम फाइल उचलून नव्या मशीनमध्ये ठेवली, बिल्टी पहिल्या दमात बोलली.

त्याच सुमारास भिवंडीला चार फोनांचं नवं गोडाऊन घेतलं. पोरं उत्साहात होती, तिथेही बिल्टी बोलवू म्हणाली. बापूंनी वहीतली मोजणी मागवली. भिवंडीला व्यापारी फोन करतच नाहीत, फोन करतात ते ड्रायव्हर आणि इचलकरंजीची कचेरी. मग तिथे एक ओळही हाताने लिहायची नाही असं ठरलं. एका विक्रेत्याकडून बसवून मिळणारं साधं तयार मशीन घेतलं, पोरं थोडी हिरमुसली.

निवृत्त झालेल्या अक्कांना आप्पांनी तेवढ्यापुरतं बोलावून घेतलं. विक्रेत्याच्या माणसाने मशीन लावलं, चारही फोन वाजवून दाखवले आणि बिल पुढे केलं. अक्कांनी कोरी हार्ड डिस्क त्याच्या हातात दिली. “बॅकअपवरून ह्याच्यावर हेच परत उभं करून दाव. आणि करताना बोल, मी लिहिते.” त्याला दुपार लागली. पहिल्या खेपेला बॅकअपची फाइल उघडेना, कारण ती अर्धीच उतरली होती आणि ते त्याच्याही लक्षात आलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला चारही फोन वाजले. आप्पांनी चेकवर सही केली ती त्यानंतर.